पावणेचोवीस इंच

उद्यमनगर, कोल्हापूर
११ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप मौलालीचाचांना,
शिवानीचा नमस्कार.

तुमची तब्येत बरी असेल. इथे बाबा ठीक आहेत. ब्याऐंशी पूर्ण झाली, तरी सकाळी नऊला कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि आलेल्या प्रत्येकाला "पावणं, चप्पल बाहेर" म्हणून दरडावतात. नवीन सीएनसी मशीन आल्यापासून त्यांना तिथली फरशी देवघरासारखी वाटते. भाऊ धैर्यशील पुण्यातच आहे, कारखान्यात येण्याचा त्याचा विचार तेव्हाही नव्हता आणि आताही नाही. दारावर पाटी मात्र तीच, 'नेजदार अँड सन्स'. नवीन गिऱ्हाईक विचारतं, सन्स कुठायत? मी म्हणते, बसा, मीच ते.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुम्हाला वाटेल. फोन उमरभाई उचलतात, मागे यंत्रमागांचा आवाज असतो, आणि काही गोष्टी मला ओरडून बोलता येत नाहीत.

कारण असं आहे. यंदा खंडेनवमीला कारखान्याला पन्नास वर्षं होतात. त्यानिमित्त एक छोटी पुस्तिका छापतोय. बाबा सांगतात, मी लिहून घेते. ऊस गाळायचे चरक आपण किती केले, कुठल्या कुठल्या गुऱ्हाळांवर ते अजून चालतात, असं सगळं. पण पहिल्या चरकाबद्दल बाबांना नीट आठवत नाही. तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही दोघंच होता. तुम्हीच सांगा.

दुसरं, एक विचारायचं होतं. आपल्याकडे कुठलंही माप एकानं घेतलं की दुसऱ्यानं पुन्हा घ्यायचं, हा नियम तुम्हाला माहीत आहे. आज गिऱ्हाईक आपल्याला त्याच नियमामुळे ओळखतं. तो कसा सुरू झाला, हे बाबांनी असं सांगितलं, मी जसंच्या तसं उतरवते:

"बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवून ओतलं की थंड होताना आकसतं. म्हणून लाकडाचा पॅटर्न, म्हणजे नमुना, थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते, साध्या पट्टीपेक्षा फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठी. २००१ साली आमच्या मिस्त्रींनी गडबडीत साधी पट्टी धरली. चरकाच्या चोवीस इंचाच्या साइड प्लेटा पाव इंच कमी भरल्या आणि सात जोड प्लेटा भंगारात गेल्या. त्या दिवसापासून आमच्याकडे दुहेरी माप."

तुमचं नाव त्यात नाही. पण 'आमचे मिस्त्री' म्हटलं की उद्यमनगरात एकच माणूस डोळ्यांपुढे येतो. हे छापलेलं तुम्हाला चालेल का? नको असेल तर मी बाबांना सांगेन की जागा पुरत नाही.

त्या दिवशी तुम्ही "माजंच चुकलं, मालक" म्हणालात आणि एकदा माझ्याकडे बघितलंत. ते मी विसरलेले नाही. मी कशाबद्दल बोलतेय ते तुम्हाला कळलं असेल. तुमचे आभार मानायचे राहून गेले, आणि राहून गेलेली गोष्ट दर वर्षी जास्तच अवघड होत जाते.

उमरभाईंना आणि सुहानाला आठवण सांगा. तिची डिप्लोमाची परीक्षा कशी गेली?

तुमची,
शिवानी

•

कबनूर
१९ ऑगस्ट २०२५

शिवानी बाळ,
आशीर्वाद.

नात सुहाना लिहितीया. तिला बजावलंय, मी बोलीन तसंच लिव्ह, शाळेची भाषा घालू नको.

पयला चरक मालकाला आठवत न्हाई म्हंजे कमाल हाय की. आमचा चरक हुभा केला, रंग दिला, आनि मालक म्हनले, "मौलाली, ह्याच्यावर नंबर घाल, एकशे एक." मी म्हटलं, अहो, ह्यो पयलाच की. तर म्हनले, "एक नंबर घातला तर पावणा म्हनंल, ह्यांनी आधी कदी केलाय का, आनि पळून जाईल." मग गगनबावड्याच्या वाटंवरचा एक गुऱ्हाळवाला आला. नंबर बघून म्हनतो, "शंभर चरक कुटं गेलं तुमचं?" मी म्हटलं, "चालू हाईत, म्हणून तर हितं न्हाईत." पटलं त्याला. घिऊन गेला. म्हंजे तुमच्या पुस्तकात जेवढं चरक लिवशील त्यातनं शंभर वजा कर.

दुहेरी मापाचं खुशाल छाप. खरंच हाय ते. माजी चूक, मी का नको म्हनू?

तू आभार कसलं मानतीयास ते काय मला कळलं न्हाई. तुझ्याकडं बघितलं असंन. खाली मान घालायच्या आधी मानूस कुनाकडंतरी बघतोच.

आता इचारलंयस तर एक सांगतो, कुनाला बोललो न्हाई. मला त्या मापाच्या कागदावर पावणेचोवीस वाचल्यालं आठवत हुतं. अगदी डोळ्यापुढं. पर मालकानं सगळ्यांसमोर कागद धरला, तर चोवीस. पॅटर्नला साधी पट्टी लावली, तर भरला चोवीस, पायजे हुता सव्वाचोवीस. म्हंजे मीच साधी पट्टी धरली. तवा मला कळलं, हात तर गेलाच, डोस्कंबी गेलं. छप्पन वर्साचा हुतो. मालकानं काढलं न्हवतं मला. म्हैनाभर थांबलो, पर एकेक माप धा-धादा घ्यायचो, तरी इश्वास बसंना. म्हणून निघून आलो. हितं पोराच्या, उमरच्या मागावर कांड्या भरतो. सूत गुंडाळायचं, बास. तितं माप नसतं.

मालकाला सलाम सांग.

मौलाली

(शिवानीमॅडम, मी सुहाना. परीक्षा चांगली गेली. हे मी माझ्या मनानं लिहितेय, आजोबांना वाचून दाखवलेलं नाही. आमच्या घरात सगळे म्हणतात की आजोबांच्या लक्षात राहत नाही. ते स्वतःच तसं सांगतात. घराची चौकट बसवताना त्यांनी सुताराला सांगितलं होतं, माझं माप ऐकू नको. पण मला कळायला लागल्यापासून ते काही विसरल्याचं मी एकदाही बघितलेलं नाही.)

•

उद्यमनगर, कोल्हापूर
२५ ऑगस्ट २०२५

मौलालीचाचा,

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. तेव्हापासून पर्समध्ये घेऊन फिरतेय.

तुम्हाला काहीच माहीत नव्हतं. एवढं एक वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुम्हाला सगळं कळलं होतं आणि मला वाचवायला तुम्ही दोष अंगावर घेतलात. मनातल्या मनात मी तुम्हाला फार मोठं करून ठेवलं होतं. तुम्हाला मोठं केलं की मला माझ्याकडे बघावं लागत नव्हतं.

आता सरळ लिहिते. तुमची चूक नव्हती. तुम्ही पॅटर्नचीच पट्टी धरली होती. आणि कागदावर पावणेचोवीसच होतं.

कागलकडच्या गुऱ्हाळाचा तो जुना चरक आठवतो ना, ज्याच्या प्लेटांना तडे गेले होते? त्यावरून माप घेऊन त्याच बनावटीच्या सात चरकांसाठी तशाच प्लेटा करायच्या होत्या. बाबांनी ते काम मला दिलं. माझा डिप्लोमा होऊन दोन महिने झाले होते. चरक संध्याकाळी परत न्यायला गुऱ्हाळवाला येणार होता आणि माझी पट्टी घरी राहिली होती. शुक्रवार होता, तुम्ही नमाजाला गेला होता. मी तुमच्या पेटीतली पट्टी घेतली. मोजून झाल्यावर परत ठेवली. ती पट्टी फुटाला एक सूत मोठी. तिनं मोजलं की चोवीस इंचाचं पावणेचोवीस भरणारच. मी पावणेचोवीस लिहिलं. माझ्या चुकीच्या आकड्यावरून तुम्ही अगदी बरोबर पॅटर्न केलात, आणि प्लेट पावणेचोवीसची निघाली.

इथपर्यंतची चूक कुणाच्याही हातून होते. पुढचं तसं नाही.

प्लेटा गुऱ्हाळांवरून परत आल्या, बसत नाहीत म्हणून. त्या सकाळी मी दोन पट्ट्या एकमेकींना लावून बघितल्या आणि मला कळलं. दुपारी सगळे डबे उघडून बसले होते. मी टेबलापाशी गेले, रबरानं पावणेचोवीस खोडलं आणि पेन्सिलनं चोवीस लिहिलं. अशी चार मापं होती, चारही बदलली. दोन मिनिटांचं काम. मला वाटलं होतं, दोष ओतकामावर जाईल, फाउंड्रीवाल्याशी भांडण होईल आणि विषय मिटेल. तुमच्यावर येईल असं वाटलं नव्हतं, हे खरं आहे. पण आल्यावरही मी गप्प बसले, हेही खरं आहे.

तेव्हा दोन्ही आत्या रोज बाबांना म्हणायच्या, पोरीच्या जातीला बिडाचा कारखाना कशाला, सांगलीचं स्थळ आलंय ते बघा. आणि बाबा आल्यागेल्याला माझा तो कागद दाखवायचे, "पोरीचं पयलं ड्रॉइंग." ते चुकलं असं कळलं असतं, तर मी पुन्हा कारखान्याची पायरी चढले नसते. हे कारण म्हणून सांगते, माफी म्हणून नाही. माझा कारखाना राहिला आणि तुमचा हात गेला.

पण नुसता हात नव्हे, बुद्धीही गेली असं तुम्हाला वाटत राहील, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. जे डोळ्यांनी वाचलं तेच तुम्हाला आठवत होतं. ते खोटं मी पाडलं.

आज सकाळी बाबांना सांगितलं. ते दारातल्या खुर्चीत होते. मी शेजारी जमिनीवर बसले.

"बाबा, मौलालीचाचांची चूक नव्हती."

"कसली?"

"साइड प्लेटची. माप मी चुकीच्या पट्टीनं घेतलं होतं. नंतर कागद खोडला."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "खोडलास कशानं?"

"रबरानं."

"म्हंजे उजेडात धरला असता तर दिसलं असतं."

"हो."

"धरला न्हाई म्या," ते म्हणाले. "पोरीचा कागद. त्याच्यावर कुठं संशय घ्यायचा? मौलालीवर घेतला. सव्वीस वर्सं संगं काम केल्याला मानूस." मग एकदम माझ्यावर ओरडले. "आनि तू गप्प बसलीस? चोवीस वर्सं? माझ्या म्होरनं रोज जातीयास येतीयास!"

आतले सगळे कामगार बघायला लागले. मला लाज वाटली नाही, चाचा. ओरडत होते ते बरं वाटत होतं. छातीवरचा दगड कुणीतरी शिव्या देत का होईना, पण उचलत होतं.

शेवटी म्हणाले, "छापखान्याला फोन लाव, ते पान थांबीव. आनि गाडी काढ. मी त्याला चारचौघांत बोललोय, चारचौघांतच परत बोलाय पायजे."

मी गाडी काढली नाही. म्हटलं, आधी चाचांना सगळं कळू दे. दार उघडायचं की नाही ते त्यांना ठरवू दे. बाबा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, चहा मात्र माझ्याकडूनच मागवतात.

पुस्तिकेत काय छापायचं ते तुम्ही सांगाल तसं. काहीच सांगायचं नसेल, तरी ते मला समजेल.

तुमची अपराधी,
शिवानी

•

कबनूर
२ सप्टेंबर २०२५

शिवानी,

सुहानानं तुझं पत्र वाचलं. पावणेचोवीसपाशी आली तवा मी म्हटलं, थांब. तेवढंच परत वाच. तिनं वाचलं. मी म्हटलं, अजून एकदा. तर पोरगी रडाय लागली आनि मी हसाय लागलो. उमर आतनं पळत आला, काय झालं म्हणून.

हुतं तर मग. पावणेचोवीसच हुतं!

राग मागनं आला. आधी काय वाटलं सांगू? हलकं. चोवीस वर्सं चावी कुटं ठेवली आठवली न्हाई की छातीत धस्स व्हायाचं. म्हनायचो, आलं, आता सगळंच जानार, पोरांची नावंबी जानार. परवा चष्मा सापडंना, तर मी नुसता चष्मा हुडकला. मानसं अशीच हुडकत असतील की न्हाई? मला म्हाईतच न्हवतं.

माझी घरवाली सुलतानबी जाऊन सा वर्सं झाली. ती शेवटापातुर म्हनायची, तुमच्या हातनं चुकायचं न्हाई, दुसऱ्या कुनाचंतरी चुकलं असंल. मी तिच्यावर खेकसायचो, तुला काय कळतं पट्टीतलं? गुरुवारी कब्रस्तानात गेलतो. म्हटलं, बाई, तुझंच खरं हुतं. तेवढं मात्र उशिरा झालं. ते तुझ्या नावावर. ते मी सोडनार न्हाई.

राग हाय तुझ्यावर. लगेच गेला असं खोटं कशाला लिव्हू? ऐंशीव्या वर्सी नवाकोरा राग मिळालाय, पुरवून पुरवून वापरीन म्हनतो. पर तू सांगितलंस. सांगितलं नसतंस तर मी तसाच गेलो असतो, डोस्कं गेल्याला मानूस म्हणून. ह्या दोनी गोष्टी खऱ्या हाईत. त्यांची बेरीज मला येत न्हाई.

पुस्तकात छाप. माझं नाव घालून छाप आनि तुझंबी. गोडगोड करू नको.

मालकाला घिऊन ये, रव्वारी. दार उघडंच असतं. पर घरात न्हाई बोलायचं. त्या दिवशी सगळ्यांसमोर मोठ्यानं बोललंवतं, आताबी गल्लीत हुभं ऱ्हाऊन मोठ्यानंच बोलायचं. मागांचा आवाज लई असतोय, तवा घसा साफ करून यायचं म्हनावं.

मौलाली

•

उद्यमनगर, कोल्हापूर
खंडेनवमी, १ ऑक्टोबर २०२५

मौलालीचाचा,

सोबत पुस्तिका पाठवतेय. आज सकाळी पूजा झाली आणि सगळ्यांच्या हातात दिली.

त्या रविवारनंतर पत्र लिहायचं राहिलं. तुमच्या गल्लीत बाबा ओरडून सांगत होते आणि मागांच्या खडखडाटात कुणालाच काही कळत नव्हतं. मग उमरभाईंनी आपले माग बंद केले. शेजारच्यांना वाटलं, कोणी गेलं की काय, म्हणून त्यांनीही केले. सगळी गल्ली बाहेर आली. मी तेव्हा खाली बघत होते, म्हणून तुमचा चेहरा मला दिसला नाही. फक्त तुमचा आवाज ऐकला, "बास मालक, ऐकलं सगळ्यांनी. च्या घ्या आता."

तुम्हाला माहीत नाही ते सांगते. परत येताना बाबांनी हातकणंगल्याला गाडी थांबवून पाणी मागितलं. मग म्हणाले, "मौलाली लई म्हातारा झालाय." मी म्हटलं, तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत. "तेच म्हनतो," ते म्हणाले, "त्याची दोन वर्सं आपल्याकडंच ऱ्हायली असतील." आणि शिरोली येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले: "एकशे एक नंबरचं तेवढं पुस्तकात घालू नको." मी घातलंय. पान तीन बघा.

अकराव्या पानावर हे आहे:

"२००१ साली साइड प्लेटचं माप चुकलं. ते मी घेतलं होतं. चूक कळल्यावर कागदावरचा आकडाही मीच बदलला. आमचे मिस्त्री मौलाली शिकलगार यांनी पॅटर्न बरोबर केला होता. दोष त्यांना दिला गेला. दुहेरी मापाचा नियम तेव्हापासून आहे, पण माप दोघांनी घेऊन पुरत नाही. चुकलेलं सांगता आलं पाहिजे. शिवानी नेजदार."

दुपारी आपला मशीनवरचा ऋतुराज पुस्तिका घेऊन केबिनमध्ये आला. दारातच उभा राहिला. "मॅडम, हे खरं हाय?" म्हटलं, हो. जरा घुटमळला आणि म्हणाला, "मग मागच्या आठवड्यातला तो गिअर, रॅकवर ठेवलाय बगा... त्याचं भोक जरा मोठं झालंय. मी बोललो न्हवतो." मी म्हटलं, आण इकडं, बघू. तो आणायला गेला तेव्हा चक्क शीळ वाजवत गेला. चाचा, मी पंचेचाळीस वर्षांची आहे. त्या शिळेचा मला हेवा वाटला, आणि मग लक्षात आलं की मलाही आता तसंच वाटतंय.

सुहानाचा नोकरीसाठी अर्ज आला आहे. ड्रॉइंगच्या टेबलासाठी तिला बोलावलंय. उमरभाईंनी "तुमच्या कारखान्यात?" असं विचारल्याचं तिनं सांगितलं. तुम्ही काय म्हणालात ते मात्र ती सांगत नाही. येऊ देणं न देणं तुमच्याकडे. मी वाट बघेन, पण मागे लागणार नाही.

तुमचा राग किती उरलाय ते मी विचारत नाही. असू द्या. मी येत राहीन.

हे पत्र लिहिताना तीन ठिकाणी चुकले. खोडलेलं नाही, नुसती आडवी रेघ मारली आहे. खाली काय लिहिलं होतं ते तुम्हाला वाचता येईल.

तुमची,
शिवानी